डावा इंडिकेटर

मागच्या डाव्या इंडिकेटरची काच पुन्हा फुटली होती. काच आपली म्हणायची. खरं तर नारिंगी प्लास्टिक. भाईदास मळ्यातली मोटर बंद करून नऊ वाजता घरी आले ते थेट फियाटपाशी गेले, आणि तिथेच कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"अमृतनी माय! आज बी फुटनं!"

प्रमिलाबाई वाटी घेऊनच बाहेर आल्या. फुटलेले सगळे तुकडे वाटीत होते.

"म्हशीनं शिंग मारं व्हई," त्या म्हणाल्या. "झाडता झाडता वेची ठेवात मी. मोडमा टाका ना ती गाडी एकदानी."

"मी जित्ता शे तोवर नही!"

गोठ्याच्या खांबाला लागूनच गाडी उभी असायची, आणि त्याच खांबाला म्हैस. भाईदासांनी म्हशीला चार शिव्या घातल्या आणि घरामागे उन्हात नेऊन आखूड दाव्याने बांधली.

गाडी सत्तेचाळीस वर्षांची होती. गेल्या दिवाळीत भाईदासांना चक्कर आली आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ मनाई केली. तेव्हापासून सुरतेला नोकरी करणारा मुलगा अमृत गाडी मोडीत काढा, असा एकच घोशा लावून होता. बावीस तारखेला नंदुरबारला आरटीओची तपासणी होती. त्या दिवशी गाडी पास झाली तर ठीक, नाहीतर भंगारात. फोनवर तो दर वेळी विचारायचा, "पन आबा, चालाडी कोन?"

प्रश्न रास्त होता. या फियाटचा गिअर स्टेअरिंगला. आताच्या पोरांना तो हात कळत नाही. रनाळ्यात ती गाडी चालवणारे भाईदास एकटेच उरले होते, आणि त्यांनाच बंदी. उत्तर द्यायचं सोडून ते प्लास्टिक दुरुस्त करत बसले.

आणि काय दुरुस्त करत होते! डॅशबोर्डला उन्हाने गेलेली चीर त्यांनी फेवीक्विक आणि खायच्या सोड्याने भरली, कानशीने घासली, वरून काळा रंग दिला. चोकची मूठ तुटली होती, तिथे ठिबकच्या नळीचं टोक तासून बसवलं. इंडिकेटरचे तुकडे ते ओट्यावर मांडायचे आणि चष्मा नाकावर ओढून एकेक जोडायचे. सोडा संपला की प्रमिलाबाई न मागता डबा आणून ठेवायच्या. एरवी गाडीला नावं ठेवणारी बाई, पण तुकडा एकही हरवू द्यायची नाही.

"गाडी मोडमा, मंग बाप मोडमा," भाईदास समोरच्या छगनला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे. "देखू तर खरं कोन काढस ते!"

छगन मिशीत हसायचा आणि दुसरीकडे बघायचा.

म्हैस हलवल्याच्या चौथ्या दिवशी काच पुन्हा फुटली. प्रमिलाबाई म्हणाल्या, "सुटी गई व्हती, मीच परत बांधी." भाईदासांनी म्हशीला दुसरं दावं लावलं. मग सुरतेच्या जुन्या बाजारातून अमृतकडूनच नवी काच मागवली. ती आठवडाभर टिकली.

म्हातारपणाचीही त्यांना चीड यायला लागली होती. पुसायला म्हणून गाडीत बसले की गुडघे स्टेअरिंगला आपटायचे. पूर्वी कधी असं झालं नव्हतं. पेट्रोलचा काटा तर दहा वर्षं अर्ध्यावरच अडकलेला. बॅटरी मात्र एका चावीत इंजिन उठवायची, आठ महिने उभ्या असलेल्या गाडीत! ही आपल्या देखभालीची पुण्याई, असं ते छाती काढून सांगायचे.

मधे प्रमिलाबाईंचा दात दुखायला लागला. एसटीने त्या नंदुरबारला तीन खेपा करून आल्या. डॉक्टरने दात काढला नाही, औषधही दिलं नाही, आणि आल्या आल्या बाई भाजलेले हरभरे फोडून खात होत्या. भाईदासांना वाटलं, डॉक्टर हुशार असावा.

बावीस तारीख उजाडली. अमृत सकाळीच आला, आणि मागून भंगारवाल्या इंद्रसिंगचा टेम्पो. भाईदासांचं रक्त उसळलं. टेम्पो पाहून नाही, तर पोराने निकाल आधीच लावून ठेवला म्हणून.

फियाट उन्हात चमकत होती. अमृतने वाकून सगळं पाहिलं. डॅशबोर्डची चीर त्याला सापडेना. डाव्या इंडिकेटरवरून त्याने दोनदा बोट फिरवलं.

"आबा, काम भारी करं तुम्ही," तो हळू आवाजात म्हणाला. "पन नंदुरबारलगून चालाडी कोन?"

"मी."

"डॉक्टर काय म्हने?"

"डॉक्टरले म्हना, मरसू तर मन्ही गाडीमा मरसू!"

"आबा, रस्तावर दुसरा लोके बी ऱ्हातस."

हे खरं होतं, आणि ते भाईदासांना आठ महिन्यांपासून माहीत होतं. तरी त्यांनी चावीसाठी खिशात हात घातला. एका खिशात नव्हती. दुसऱ्यातही नव्हती. इंद्रसिंगने टेम्पोचं फळकं खाली पाडलं.

तेवढ्यात फियाट सुरू झाली.

गिअर जराही खरखर न करता रिव्हर्सला पडला. गाडी सरळ मागे आली, इंद्रसिंग उडी मारून बाजूला झाला, आणि गोठ्याच्या खांबापाशी कडक् असा आवाज आला. नारिंगी तुकडे खाली सांडले. पदर कमरेला खोचलेल्या प्रमिलाबाईंनी खिडकीतून हात काढला आणि आठवड्यापूर्वी मिळालेलं लायसन अमृतच्या हातात दिलं.

"तेवढी वाटी आन रे," त्या म्हणाल्या. "आनि तुन्हा बाले सांग, म्हशीले आते सावलीमा बांधा. तिनी काही चूक नही."