हसरी पट्टी

“मला आज सगळं नकोसं झालंय,” बालवाडीच्या स्वप्नालीताई पुटपुटल्या. गळ्यावरच्या, आवाज बदलणाऱ्या पट्टीने ते वाक्य हसऱ्या, लाडिक सुरात वर्गभर पोचवलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

ताईंनी पट्टी ओरबाडून फरशीवर टाकली. “ताईला रडू येतंय,” त्या स्वतःच्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. टाळ्या थांबल्या.

भिंतीवरच्या स्पीकरमधून पर्यवेक्षिका बोलल्या, “पट्टी लावा, ताई. मुलं घाबरतील.”

“घाबरू देत. माझा आवाज कसा आहे ते तरी कळेल त्यांना.”

चार वर्षांची ओवी जवळ आली. ती पडली की ताई ‘हत्ता’ म्हणत फरशीला चापट मारून तिची समजूत काढत. तिने ताईंचा गळा पाहिला, मग पट्टी पाहिली.

“हिला हत्ता करू?”

“कर,” ताई म्हणाल्या. “सगळे मिळून करा.”