परत आलेली अकरा दप्तरं

अकरावं दप्तर तिने कोपऱ्यातल्या ढिगावर टाकलं आणि शिलाई मशीनवर चादर घातली. चार वाजता विकलेलं मशीन न्यायला माणूस येणार होता.

"झालं?" खुर्चीतून आत्याने विचारलं. आत्याने चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं होतं. आवाजातली शाळा अजून सुटली नव्हती.

"झालं. तीस दप्तरं शिवून विकली. दोन महिन्यांत अकरा फाटून परत आली. हा धंदा माझ्याच्याने व्हायचा नाही, आत्या. सोमवारपासून नोकरीवर जाते."

"दप्तरं घेऊन आल्या त्या बायका काय म्हणाल्या?"

"काय म्हणणार? 'फाटलं बघा,' म्हणाल्या. मला मान वर करवेना. ठेवून जा म्हटलं आणि दार लावलं."

आत्या उठली. गुडघ्यावर हात ठेवत खाली बसली आणि एकेक दप्तर काढून जमिनीवर रांगेत मांडू लागली. वर्गात मुलं बसवावीत तशी, तोंडं एकाच दिशेला करून. मग चष्मा लावला.

"इकडे ये गं. कुठे फाटलंय हे?"

"वरची पट्टी. हाताने उचलायची."

"आणि हे?"

"पट्टीच."

"कुठल्या बाजूने?"

ती वाकली. पहिलं उजव्या टोकाशी उसवलं होतं. दुसरंही. तिने एकेक करत अकरावं उचललं. तेही उजव्याच टोकाशी.

"टाका कच्चा पडला असेल," ती म्हणाली.

"कच्चा असता तर एकाचं इथे, एकाचं तिथे उसवलं असतं. वर्गात एका पोराचं गणित चुकलं, तर त्याला पुन्हा करायला लावायची मी. अकरा जणांचं एकाच पायरीवर चुकलं, की आधी फळ्याकडे बघायची."

"म्हणजे चूक माझीच."

"तुझीच. ते ठरलं की! आता ती कसली, ते बघायचं की नुसतं रडायचं?"

तिला हसू आलं. दोन दिवसांत पहिल्यांदा. ती आत्याशेजारी बसली.

आता तिला आणखी दिसू लागलं. प्रत्येक दप्तराची उजवी कूस घासून गुळगुळीत झाली होती. तिथे पाण्याचे फिकट डाग होते. आत्याने आतल्या बाजूचा छोटासा कप्पा चाचपला. एकातून गुळगुळीत दगड निघाला, एकातून पीस, एकातून कागदाची पुडी. पुडीत दुधाचा दात होता.

"हा कप्पा कशासाठी?"

"उरलेल्या कापडाचा. उगाच लावला. सांगितलाही नाही कोणाला."

"हं," आत्या म्हणाली आणि पुडी होती तशीच आत ठेवली. "बाकीची एकोणीस कुठे आहेत?"

"ती चांगली आहेत. त्यांची काही तक्रार नाही."

"चल, एखादं चांगलं बघून येऊ."

वरच्या मजल्यावरच्या बाईने कौतुकाने दार उघडलं. दप्तर दारामागे खुंटीला टांगलेलं होतं. अगदी कोरं करकरीत. "फार सुरेख शिवलंय हो," बाई म्हणाली. "साधा डाग नाही त्याला."

"डाग कसा पडेल? मी नेतच नाही ते," आतून तिची मुलगी म्हणाली. "पाण्याची बाटली कुठे ठेवणार? आत ठेवली की वह्या भिजतात."

समोरच्या घरातलं दप्तरही धड होतं. त्यात कपड्यांचे चिमटे ठेवले होते.

जिना उतरताना ती एका पायरीवर थांबली. हाताने हवेत पट्टी धरून पाहिली, उजव्या टोकाला काहीतरी अडकवल्यासारखं केलं.

"बाटली," ती म्हणाली. "पट्टा असलेली बाटली. पट्टीला अडकवून नेत होती पोरं. तिला जागाच दिली नव्हती मी."

"बघ! फळ्यावर होतं सगळं."

"पण आत्या, बाटलीला जागा नाही म्हणून वरच्या मुलीने दप्तर टांगून ठेवलं. मग या अकरा जणांनी का नाही टांगलं? हट्टाने फाटेपर्यंत का वापरलं?"

"ते मला काय माहीत?" आत्या म्हणाली. "मी काही तिसरीतलं पोर नाही."

घरी येऊन जरा टेकतात तोच दार वाजलं. चार वाजले होते. मशीनवरची चादर काढून तिने दार उघडलं. बाहेर शाळेच्या गणवेशात एक मुलगी उभी होती. समोरचे दोन दात नव्हते. एका हातात पुस्तकांनी फुगलेली कापडी पिशवी, गळ्यात पाण्याची बाटली.

मुलीला बघून तिची मान पुन्हा खाली गेली. "तुझंही फाटलं का? हे बघ, आईला सांग, बदलून नवीन देणं मला आता जमणार नाही..."

"नवीन कुणाला हवंय?" मुलगी तिच्या कमरेशेजारून आत डोकावली. जमिनीवरची रांग दिसली तशी आत धावली, एका दप्तराच्या छोट्या कप्प्यात दोन बोटं घालून बघितलं आणि सुटकेचा निःश्वास सोडला. "दात आहे! आई दुकानातलं आणत होती. मी नको म्हटलं. आमच्या वर्गात सगळ्यांनी शिवायलाच दिलीत. कधी होणार शिवून?"

आत्या खिडकीबाहेर बघू लागली.

तिने हातातली चादर घडी करून बाजूला ठेवली, मशीनच्या खणातून टेप काढली आणि मुलीसमोर बसली.

"आधी बाटली दे बघू. माप घेते."