कोपऱ्यातला अंगठा

वैरागच्या बजाबाईंनी वारलेल्या मुलाचा, सयाजीचा लॅपटॉप माझ्या सोलापुरातल्या दुकानात दुरुस्तीला दिला होता. "फोटो तेवढं जपा," म्हणाल्या होत्या. मी घाईत बॅकअप न घेताच डिस्क फॉरमॅट केली आणि फोनवर सांगितलं, "डिस्क आधीच गेलेली होती."

त्यांनी विश्वास ठेवला. आज येताना माझ्यासाठी शेंगा चटणी आणली. मान खाली घालूनच मी डबा घेतला.

मग त्यांच्यासमोर नव्या, कोऱ्या एसएसडी डिस्कचं सील फोडून ती लॅपटॉपात बसवली. विंडोज टाकलं.

डेस्कटॉप उघडला. त्यावर एकच फोटो होता. मान खाली घालून डबा घेणारा मी.

दुकानात आम्ही दोघंच होतो.

बजाबाई स्क्रीनकडं वाकल्या. "ह्यो सयाजीनंच काढलाय की. कोपऱ्यात अंगठा बगा. दरवेळी यायचा त्याचा."