पाठीवरची शेवटची फेरी

उद्यापासून गावाला होड्या लागायला नवा धक्का मिळणार होता, म्हणून फिदेन्सिओ सकाळपासून हळवा झाला होता. रस्ता डोंगरापलीकडेच संपायचा, त्यामुळे सगळे होडीने यायचे आणि तो त्यांना पाठुंगळी घेऊन लाटांतून किनाऱ्यावर उतरवायचा. त्याची बायको ओतिलियासुद्धा नवरी होऊन अशीच त्याच्या पाठीवरून आली होती. गेल्या वर्षी ती समुद्रात गेली, ती परतलीच नाही.

शेवटी होडीत एकट्या एउलोहियामावशी उरल्या, मांडीवर कोंबडी घेऊन.

"हळू ने रे मेल्या, नवरीला न्यायचास तसं."

"नवऱ्या हलक्या असायच्या, मावशी."

तो पाठ करून पाण्यात वाकला. पाठीवर भार आला, ओले हात गळ्यात पडले. मावशी फारच हलक्या लागल्या, पण तसं सांगून त्यांना उगाच हरभऱ्याच्या झाडावर कशाला चढवायचं, म्हणून तो मुकाट चालू लागला.

"अरे, मला विसरलास की," मागून, होडीतून मावशी म्हणाल्या.

फिदेन्सिओ थांबला. गळ्यातली मिठी ओळखीची होती. किनारा अगदी जवळ आला होता, आणि तिथे पोचलं की तिला उतरवावं लागणार होतं.

"जरा लांबून जाऊ या?" त्याने हळूच विचारलं.

ओल्या हातांनी त्याचा चेहरा अलगद धरला आणि उघड्या समुद्राकडे वळवला.