एकाच बाजूची खाच

घडीच्या हत्यारातल्या पात्याच्या पाठीजवळ, नख घालून ते उघडता यावं म्हणून एक बारीक खाच असते. ती एकाच बाजूला असते. हत्यारांच्या दुकानात उभा जन्म काढलेल्या दुकानदाराच्या हे कधी लक्षातच आलं नव्हतं. काउंटरपलीकडच्या बाईंनी ती दाखवली, तेव्हा त्याने पेटीतली चाकू-पक्कड-कात्री एकात असलेली बाकीची हत्यारंही उलटीपालटी करून पाहिली. सगळी एकाच माळेचे मणी.

"हे उजव्या हाताचं आहे," बाई म्हणाल्या. "दुसरं दाखवा."

बाई शिलाईच्या कारखान्यात मशीन दुरुस्त करायच्या. पाने, तेलाच्या कुप्या, बारीक स्क्रू सगळं इथूनच न्यायच्या. एरवी एकट्या यायच्या आणि दुकानाबाहेर पाऊल टाकेपर्यंत दुकानदाराची एकदा तरी फिरकी घ्यायच्या. आज धाकटा भाऊ बरोबर होता. बाईंची पर्स त्याच्या खांद्यावर, आणि चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा.

"कोणासाठी बघताय?" दुकानदाराने विचारलं.

"डावखुऱ्या माणसासाठी. रोज खिशात बाळगायचं आणि माझ्याच दुरुस्तीच्या बाकावर काम करायचं. ऐन वेळी दगा देणारं नको."

भावाने बोलायला तोंड उघडलं. बाईंनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. त्याने ते मिटलं.

दुकानदाराला काय ते कळलं. म्हणजे कानावर आलेलं खरं होतं. कारखाना बाईंना बाकावरून उठवतोय, आणि बाई त्यांच्या जागी येणाऱ्यासाठी स्वतः हत्यार घ्यायला निघाल्यात! त्याने कपाटातला वरचा खण उघडला आणि चांगला माल खाली काढला.

बाईंनी उजवा हात कोटाच्या खिशात तसाच ठेवला आणि डाव्या हाताने एकेक हत्यार पारखायला घेतलं. पहिल्याचं पातं अंगठ्याने सरकेना. दुसऱ्याचं उघडलं, पण पातं अडकवणारा खटका सोडवताना बोट धारेखाली येत होतं. तिसरं हातातून निसटून काउंटरवर आपटलं.

"दुसरा हात लावा की," दुकानदार म्हणाला.

"बाकावर लावता येणार नाही."

खरंच होतं. मशीनचं डोकं मागे कलंडवलं की एक हात त्यालाच आधार देत असणार. दुकानदाराने मान डोलावली. बाईंचं काम म्हणजे काम.

"ताई, बास कर ना आता," भाऊ हळू आवाजात म्हणाला. "ते सकाळपासून वाट बघतायत. हो की नाही, एवढंच तर सांगायचंय. किती टांगून ठेवशील?"

"आधी हत्यार."

"आणि नाही मिळालं तर?"

"तर पुढचं दुकान."

"अगं, मालक आपणहून बटणांचं काम देतायत. बसून पगार."

"बटणं कोंबडीसुद्धा निवडेल. तिला ठेवा म्हणावं, अंडी वर मिळतील."

दुकानदाराला हसू फुटलं. भावाला नाही.

"त्यांच्या मनात वाईट नाहीये गं. तुझी काळजीच करतायत."

"मग करू दे. काळजी घरी बसून करता येते. माझा बाक मात्र माझाच राहील." बाईंनी तिसरं हत्यार बाजूला सारलं. "याच्या पकडीला स्प्रिंग नाही. हाताची मूठ सैल केली की पक्कड आपली आपण उघडली पाहिजे. अजून आहे का काही?"

दुकानदाराला राहवेना. "बाई, मी मध्ये पडतोय, रागावू नका. पण आपलं हातचं असं सुखासुखी सोडू नये. भांडायचं."

भावाने झटकन मान फिरवली आणि भिंतीवरची कुलपं बघत उभा राहिला. बाई मात्र मोकळेपणाने हसल्या.

"भांडतेच आहे की."

दुकानदाराने सगळ्यात खालचा खण ओढला. त्याची मूठ कायमची सैल होती, ती निम्मी हातातच आली. आतून त्याने एक जाडजूड, बिनचमकेचं हत्यार काढलं. दिसायला ओबडधोबड म्हणून कोणी नेत नसे. त्याच्या पात्याला खाच नव्हतीच. आरपार भोक होतं.

बाईंनी त्यात डावा अंगठा घातला. पातं उघडलं आणि टक्क करून बसलं. त्यांनी ते मिटलं. पक्कड काढली, दाबली, सोडली. ती आपोआप उघडली. मग कात्री. मग स्क्रूड्रायव्हर. त्या खाली वाकल्या, खणाची ती सैल मूठ गुडघ्याने खणावर दाबून धरली आणि तिचा स्क्रू आवळायला लागल्या. टोक दोनदा घसरलं. भाऊ पुढे सरसावला.

"हात नको लावू," बाई म्हणाल्या.

तिसऱ्यांदा टोक बसलं. मूठ घट्ट झाली. दुकानदाराने ओढून पाहिली. जागची हलेना.

"नशीबवान आहे तो डावखुरा," तो म्हणाला. "स्वतःसाठीसुद्धा कोणी इतकं पारखून घेत नाही. बांधून देऊ?"

"नको." बाईंनी हत्यार कोटाच्या डाव्या खिशात टाकलं. पुन्हा काढलं, न बघता उघडलं, मिटलं, परत टाकलं. मग भावाकडे वळल्या. "लाव फोन."

भावाने पर्समधून फोन काढला, नंबर लावून त्यांच्यापुढे धरला. त्याचे डोळे भरले होते. बाईंनी डाव्या हाताने फोन कानाला लावला. पलीकडून कोणीतरी बोललं. त्यांनी ते पुरतं ऐकून घेतलं आणि दुकानात सगळ्यांना ऐकू येईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"ठरलं, डॉक्टर. ती गाठ पुढे पसरायच्या आत उजवा हात काढून टाका."