फोन कुणाचा जोडायचा

“फोन कुणाचा जोडायचा?” श्रवणयंत्रं बसवून देणाऱ्या मॅडमनी विचारलं.

म्हाताऱ्याच्या दोन्ही कानांमागे नवी मशीनं बसली होती. आधी दाखवलेली सगळी त्याने खोड काढून परत केली होती. एक शिट्टी मारतं, दुसऱ्यात सगळी दुनिया डब्यात बसून बोलल्यासारखी वाटते. हे मात्र त्याने उलटसुलट करून पाहिलं आणि काम बारीक आहे एवढं कबूल केलं. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. त्याच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे पुष्कळ झालं.

“माझ्याकडे असला फोन नाही,” तो म्हणाला. “हिचा घ्या. नाहीतरी दिवसभर स्वयंपाकघरात त्याच्याशी गुलुगुलु चाललेलं असतं.”

बायकोने पिशवीतून फोन काढून दिला.

“काका, जरा हळू बोला. आता तुम्हाला ऐकू येतंय.”

“मी हळूच बोलतोय!”

मॅडमनी फोनवर बोट फिरवून दोन्ही मशीनं जोडली. मग टेबलावरचा एक कागद उचलून त्याच्या कानाजवळ चुरगाळला. म्हातारा दचकला.

“कागद कशाला बोंबलतोय?”

मॅडमनी बारीक आवाज थोडे खाली आणले. “काकू, आता तुम्ही काहीतरी बोला.”

“काय बोलू?”

“बोल की!” म्हातारा म्हणाला. “एरवी तोंडाला उसंत नसते.”

“ऐकू येतंय का?”

“येतंय. किरटा आवाज. हिचा तेवढा कमी करा.”

“मशीन माणूस बघून आवाज कमी करत नाही, काका.”

“मग काय कामाचं? माझे कान कसे होते माहीत आहे? घड्याळ नुसतं कानाला लावायचो आणि कुठलं चाक अडतंय ते सांगायचो. दोन वर्षांपूर्वीपर्यंत. त्यानंतर सगळं बिघडलं.”

बायको त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने मान दुसरीकडे वळवली.

“बरं, आता फोनचं सांगते,” मॅडम म्हणाल्या. “आवाज यावरून कमी-जास्त करता येईल. आणि कुणाचा फोन आला की...”

“कळतं हो मला. तेवढी अक्कल आहे. आधी जरा चालून बघू द्या.”

तो उठणार तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला. ‘गॅसवाला’ असं नाव आलं. मुलीचा नंबर आईने या नावाने ठेवला होता, कारण मुलीने मनाविरुद्ध लग्न केल्यापासून घरात तिचं नाव काढायला बंदी होती. नवऱ्याचे कान गेल्यापासून ती त्याच्या पाठीमागे उभी राहून मुलीशी रोज बोलत आली होती आणि ती कुणाशी बोलते याचा त्याला पत्ता नव्हता. आजही सवयीने तिचा हात पुढे गेला.

“हं, मी नंतर करते गं,” ती हळूच म्हणाली. पलीकडून काहीच आलं नाही. “हॅलो? अगं, तुझा आवाज येत नाहीये.”

म्हातारा खुर्चीत ताठ झाला होता. त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मग मागे वळून पाहिलं.

“काकू, कॉल यांच्या कानात जातोय,” मॅडम घाईने म्हणाल्या. “तेच मी सांगत होते. द्या इकडे, तोडते.”

“राहू द्या.”

“कोण बोलतंय हे?” म्हातारा ओरडला. “कानात म्हणतेय, ‘बहिरा होता तेच बरं होतं’! कोण आहे?”

“तुमची मुलगी.”

“बंद कर ते.”

“नाही करत.”

त्याने हात कानाकडे नेला. बायकोने त्याचं मनगट धरलं.

“खाली ठेवा हात. तीन वर्षांपूर्वी नवऱ्याचा मार खाऊन आली होती पोर. बॅग घेऊन दारात उभी. दार वाजवून वाजवून निघून गेली. तुम्ही दाराला लागूनच टेबल मांडून बसला होतात. मी घरी आले तर मला म्हणालात, ऐकू आलं नाही.”

“नव्हतंच आलं!”

“तेव्हा चाक अडलेलं ऐकू यायचं तुम्हाला. आत्ता तुम्हीच सांगितलंत. आणि हाताने धडाधडा वाजवलेलं दार ऐकू आलं नाही?”

“अगं, परक्या माणसासमोर...”

“परकं माणूस ऐकेल याची लाज वाटते! पोटची पोर बाहेर रडत होती त्याची नाही वाटली?”

मॅडम उठल्या. बाहेर गेल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं. आतून गादी ठोकलेलं जाड दार होतं ते. बाहेरची वर्दळ एकदम तुटली.

बायकोने फोन त्याच्यासमोर टेबलावर ठेवला आणि त्यावर वाकली.

“बोल गं. तुझा बाप ऐकतोय. मला रोज जे विचारतेस ना, ते आज त्यालाच विचार.”

मुलीचा आवाज फक्त त्याच्याच कानात होता. म्हाताऱ्याने खुर्चीचे हात घट्ट धरले होते. कुणी अंगावर चालून यावं तशी त्याची मान मागे गेली होती. त्याने बायकोकडे पाहिलं. ती जागची हलली नाही. तो पुन्हा समोरच्या भिंतीकडे बघू लागला. मानेच्या शिरा फुगल्या, चेहरा लाल झाला.

“होतो!” तो ओरडला. “होतो मी घरात! बसून ऐकत होतो!”