ढालकरणीची ढाल

ऋजुताच्या कंपनीच्या व्हिडिओ गेमच्या स्पर्धेचा अंतिम सामना संपला. विजेत्या संघाने ढालकरीण हे पात्र घेऊन सगळ्यांना लोळवलं होतं. तिची ढाल कुणालाच फोडता आली नव्हती.

"ढालीची ताकद निम्मी कर," तिचे वरिष्ठ इनामदार सर म्हणाले. "लोक ओरडतायत. सोमवारी अपडेट गेलंच पाहिजे."

गेममधल्या पात्रांचं बळ ठरवणं हेच ऋजुताचं काम. पण सांगलीची तिची आत्या रोज ढालकरीणच घेऊन खेळायची. अर्धांगवायूनंतर आत्याचा एकच हात चालत होता, आणि एका हाताने जमेल असं हे एकच संथ पात्र होतं. असे आणखी किती जण असतील, कोण जाणे.

ऋजुताने तो सामना पुन्हा पुन्हा पाहिला. खेळाडू दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबत होते, म्हणून ढाल पडण्याआधीच पुन्हा उभी राहत होती.

"सर, ढाल राहू द्या. फक्त ही युक्ती बंद करते."

"आणि त्यांनी दुसरी शोधली तर?"

"तर जबाबदारी माझी," ती म्हणाली आणि कामाला लागली.

सोमवारी ढाल तशीच ठेवून फक्त ती युक्ती बंद करणारं अपडेट गेलं. दुपारी आत्याचा फोन आला, तेव्हा ऋजुताने तो भीतभीतच उचलला.

"ऋजू, आज हरले गं."

"ढाल फुटली?"

"छे! ढाल धड होती. मलाच दम धरवला नाही, गेले पुढे धावत. बरं, ठेव आता, दुसरा डाव सुरू होतोय."